माणसागणिक एक जनावर

बोत्स्वाना देशाची राजधानी गॅबोरोन येथील विद्यापीठाच्या आवारात एक पुतळा आहे. विद्यापीठांत पुतळे असतात ते बहुधा संस्थापकांचे, मोठ्या देणगीदारांचे किंवा ज्यांच्या नावाने विद्यापीठ ओळखले जाते त्या थोरांचे. हा पुतळा मात्र एका अनाम माणसाचा आहे आणि त्याच्यासोबत त्याचे जनावर आहे. मी तो छायाचित्रातच पाहिला. पण ज्या दिवशी त्यामागची हकिगत वाचली, त्या दिवसापासून उच्च शिक्षणाचा विषय निघाला की मला आधी तो माणूस आठवतो, आणि त्याने ते जनावर कशाच्या भरवशावर दिले असेल, हा प्रश्न मनात उभा राहतो.

हकिगत अशी. 30 सप्टेंबर 1966 रोजी बोत्स्वाना स्वतंत्र झाला तेव्हा जगातल्या सर्वांत गरीब देशांत त्याची गणना होत होती. लागोपाठच्या दुष्काळात गुरे मेली होती, आणि गुरे हीच तिथल्या माणसाची खरी मालमत्ता होती. साऱ्या देशात मिळून पदवीधर होते 22. स्वतःचे विद्यापीठ काढण्याची ऐपत नसल्यामुळे लेसोथो आणि स्वाझीलँड या दोन छोट्या देशांबरोबर मिळून एकच विद्यापीठ चालवले जात होते आणि त्याचे मुख्य आवार लेसोथोतील रोमा या गावी होते. 1975 मध्ये लेसोथोने ते आवार आपल्या ताब्यात घेतले आणि बोत्स्वानाची मुले मायदेशी परतली. त्यांना पुढे शिकवायला देशात पुरेशी जागा नव्हती. तेव्हा, 1976 मध्ये, राष्ट्राध्यक्ष सेरेत्से खामा यांनी थेट लोकांपुढे हात पसरला. सेत्स्वाना भाषेत त्या मोहिमेचे ब्रीद होते 'मोथो ले मोथो खोमो', म्हणजे माणसागणिक एक जनावर. ज्यांच्या गोठ्यात गुरे होती त्यांनी गुरे दिली. ज्यांच्याकडे ती नव्हती त्यांनी धान्य दिले, कोंबड्या दिल्या, अंडी दिली, जमेल तशी रोकड दिली. त्यातून आवार उभे राहिले, आणि पुढे 1982 मध्ये बोत्स्वानाचे स्वतःचे विद्यापीठ रीतसर स्थापन झाले.

चार अंडी देणारी बाई त्या विद्यापीठाच्या वर्गात कधी बसणार नव्हती, हे तिलाही माहीत असणार. तिची मुले बसतील याचीही खात्री नव्हती, कारण त्या काळी माध्यमिक शाळेपर्यंत पोहोचणारी मुलेच फार थोडी होती. तरीही तिने दिले. मी 31 वर्षे महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवले, आणि उच्च शिक्षणाचे मोल काय, हा प्रश्न मला पदवी घेणाऱ्याच्या बाजूने विचारण्यापेक्षा या बाईच्या बाजूने विचारावासा वाटतो. पदवी घेणाऱ्याला काय मिळते हे सर्वांना दिसते: पगार, प्रतिष्ठा, बदललेला पत्ता. जिने दिले तिला काय मिळाले?

अर्थतज्ज्ञांनी या प्रश्नाचे उत्तर आकड्यांत मांडून पाहिले आहे. पद्धत साधी आहे. शिकलेल्या माणसाची आयुष्यभराची मिळकत न शिकलेल्यापेक्षा किती जास्त असते ते पाहायचे, त्याच्या शिक्षणावर झालेला खर्च आणि शिकण्याच्या वर्षांत बुडालेली कमाई त्यातून वजा करायची, आणि उरलेल्या रकमेवरून परताव्याचा दर काढायचा. गरीब देशांसाठी असा हिशेब केला की समाजाला मिळणारा परतावा प्राथमिक शिक्षणात सर्वाधिक आणि उच्च शिक्षणात कमी असे उत्तर अनेक वर्षे येत राहिले. 1986 मध्ये झिंबाब्वेतील हरारे येथे आफ्रिकी विद्यापीठांच्या कुलगुरूंसमोर जागतिक बँकेच्या वतीने याच धाटणीची मांडणी झाली, की आफ्रिकेसाठी विद्यापीठे ही चैन आहे आणि जे थोडे पदवीधर लागतील ते बाहेरच्या देशांत शिकवून आणणे बरे पडेल. त्या आणि पुढच्या दशकात आफ्रिकेतल्या कितीतरी विद्यापीठांच्या ग्रंथालयांत नवी नियतकालिके येणे थांबले, प्रयोगशाळांत रसायने येईनाशी झाली आणि ज्यांना जाता येणे शक्य होते ते प्राध्यापक निघून गेले. 2000 साली जागतिक बँक आणि युनेस्को यांनी नेमलेल्या कृती गटाने आपल्या अहवालात मान्य केले की ही मोजणीच अपुरी होती, कारण पदवीधराच्या पगारात न दिसणारे समाजाचे लाभ तिच्यात धरलेच गेले नव्हते. तोपर्यंत एक पिढी गेली होती.

तरी तो हिशेब मला मूर्खपणाचा वाटत नाही. ज्या देशात लाखो मुलांनी पाटीला हात लावलेला नाही, तिथे एका विद्यार्थ्याच्या प्रयोगशाळेवर पैसा खर्च करताना हात आखडलाच पाहिजे. आणि हा आक्षेप जागतिक बँकेच्या शंभर वर्षे आधी, तिच्याहून कितीतरी अधिक नैतिक बळाने, महात्मा जोतीराव फुले यांनी मांडला होता. 1882 मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी सरकारला सुनावले की तुमच्या महसुलाचा मोठा भाग रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या पदरात पडतो. वरच्यांना शिकवले की विद्या आपोआप खाली झिरपेल, या समजुतीवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. वरच्यांनी शिकून खालच्यांसाठी काय केले, असे त्यांनी सरळ विचारले. त्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा असा आग्रह धरला. पण सरकारने शाळा-महाविद्यालयांतून अंग काढून घ्यावे असे मात्र ते म्हणाले नाहीत. उलट तसे केल्यास शिक्षणाचा प्रसार खुंटेल असा इशारा त्यांनी त्याच निवेदनात दिला आहे. हे वाक्य लोक सहसा वाचत नाहीत, आणि मला तर तेच सर्वांत मोलाचे वाटते. ज्याला वरच्या मजल्याचा सर्वाधिक राग यावा, तोही तो मजला पाडा असे म्हणत नव्हता. त्याचे जिने सर्वांसाठी खुले करा, असे त्याचे म्हणणे होते.

शिवाय प्राथमिक की उच्च, ही निवडच मला कृत्रिम वाटते. पहिलीच्या मुलाला शिकवणारा शिक्षक कोणीतरी घडवलेला असतो, त्याच्या हातातले गणिताचे पुस्तक कोणीतरी लिहिलेले असते, आणि त्या मुलाला गोवराची लस कोणत्या महिन्यात द्यायची हे कोणीतरी ठरवलेले असते. ही माणसे उसनी आणून देश किती दिवस चालतो, याचे उदाहरण काँगोने पाहिले. 30 जून 1960 रोजी बेल्जियमने तो देश सोडला तेव्हा तिथे काँगोली पदवीधरांची संख्या तीसच्या आत होती आणि एकही काँगोली डॉक्टर नव्हता. सैन्याच्या बंडानंतर परदेशी डॉक्टर मोठ्या संख्येने निघून गेले आणि एवढ्या अवाढव्य देशातली इस्पितळे चालू ठेवण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेला घाईघाईने बाहेरून माणसे पाठवावी लागली.

त्या देशाच्या राजधानीजवळ लोव्हानियम नावाचे एक विद्यापीठ 1954 पासून सुरू झाले होते. शेतकऱ्याच्या घरात जन्मलेले झां-जाक मुयेम्बे तिथे वैद्यक शिकले आणि विषाणुशास्त्रात डॉक्टरेट करण्यासाठी बेल्जियमला जाऊन परत आले. ते परत आले, हे थांबून वाचण्यासारखे आहे. 1976 मध्ये यांबुकू या आडगावच्या मिशन इस्पितळात माणसे पटापट मरू लागल्याची खबर आली तेव्हा सरकारने त्यांना पाठवले. हातमोजे नव्हते. उघड्या हातांनी त्यांनी रुग्णांचे रक्त काढले, आणि सुई काढल्यावर रक्त थांबतच नाही हे त्यांच्या लक्षात आले. बोटे आणि मनगट रक्ताने माखले, ते त्यांनी साबणाने धुतले. हा टायफॉइड किंवा पिवळा ताप नसावा, अशी शंका आल्यावर मिशनमधल्या एका आजारी ख्रिस्ती जोगिणीला (ननला) राजधानीत आणून तिच्या रक्ताचे नमुने त्यांनी बेल्जियमला पाठवले, कारण देशात ते तपासण्याची सोय नव्हती. त्यातून जगाला इबोला विषाणूची ओळख झाली. शोधाचे श्रेय पुढे कितीतरी वर्षे बाहेरच्या प्रयोगशाळांनाच मिळत राहिले.

गोष्ट तिथे संपली असती तर ती केवळ अन्यायाची गोष्ट झाली असती. मुयेम्बे मात्र त्या आजाराच्या मागे राहिले. 1995 मध्ये किक्विट येथे साथ आली तेव्हा बऱ्या झालेल्या रुग्णांचे रक्त त्यांनी आठ आजारी माणसांना दिले आणि त्यांतली सात वाचली. बाहेरच्या तज्ज्ञांनी याला पुरावा मानले नाही, कारण तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. शास्त्राच्या कसोटीवर ती हरकत रास्तही होती. पण त्याच साथीतून वाचलेल्या एका माणसाच्या रक्तातून पुढे अमेरिकेतील संशोधकांच्या साथीने एक प्रतिपिंड (विषाणूशी लढणारे प्रथिन, अँटीबॉडी) वेगळे करण्यात आले, काँगोत 2018 च्या अखेरीस सुरू झालेल्या चाचणीत ते आणि आणखी एक औषध बाकीच्या दोन औषधांपेक्षा सरस ठरले, आणि 2020 च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेत त्याला औषध म्हणून मान्यता मिळाली. पहिल्या नमुन्यापासून औषधापर्यंत 44 वर्षे. आता परताव्याच्या हिशेबाकडे पुन्हा पाहा. त्या कोष्टकात मुयेम्बे यांच्या शिक्षणाचा लाभ म्हणून काय धरले जाईल? एका सरकारी डॉक्टरचा पगार, आणि तोही अशा देशात जिथे पगार महिनोन्महिने थकत असत.

हे उदाहरण फार मोठे आहे, असे कोणी म्हणेल, आणि ते खरेच आहे. म्हणून माझ्या डोळ्यांसमोर घडलेली एक लहान गोष्ट सांगते.

द्वितीय वर्षाच्या प्रॅक्टिकलला पाण्याचा जडपणा, म्हणजे त्यात विरघळलेले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार, मोजण्याचा प्रयोग असतो. 50 मिलिलिटर पाणी घ्यायचे, त्यात बफर आणि एरिओक्रोम ब्लॅक टी हा दर्शक घालायचा आणि ब्युरेट या तोटी असलेल्या मापाच्या काचनळीतून, त्या क्षारांना बांधून घेणारे ईडीटीएचे द्रावण थेंब थेंब सोडत राहायचे. लालसर जांभळा रंग जाऊन पाणी स्वच्छ निळे झाले की थांबायचे आणि किती मिलिलिटर द्रावण लागले त्याचे रीडिंग घ्यायचे. जितके जास्त लागेल तितके पाणी जड. एका वर्षी मी मुलांना ज्याच्या त्याच्या घरचे पाणी आणायला सांगितले होते. बहुतेकांचे रीडिंग 14 च्या आसपास आले. एका मुलीचे 31.4 आले. तिने फ्लास्क धुतला, पुन्हा केले, पुन्हा 31.4. तिसऱ्यांदा 31.5. शेजारची मैत्रीण तिला हळूच म्हणत होती, "अगं, सगळ्यांचं चौदा आलंय, तूही तेच टाक, नाहीतर मॅडम परत करायला लावतील." ती माझ्याकडे आली तेव्हा तिचा चेहरा अपराध्यासारखा झाला होता. "मॅडम, माझं काहीतरी चुकतंय, पण कुठे चुकतंय ते सापडत नाहीये."

तिचे काहीही चुकले नव्हते. तिच्या वस्तीवरच्या बोअरच्या पाण्याचा जडपणा लिटरला 628 मिलिग्रॅम निघत होता, आणि पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकात दुसरा स्रोत नसताना चालवून घेण्याची कमाल मर्यादा 600 आहे. मी हे तिला सांगितले तेव्हा ती क्षणभर गप्प राहिली आणि मग म्हणाली, "आई कायम म्हणते, या पाण्यात साबणाला फेसच येत नाही." तिच्या आईला जे वर्षानुवर्षे हातांनी कळत होते, ते मुलीच्या वहीत आकडा होऊन उतरले होते. आईचे म्हणणे कचेरीत कोणी लिहून घेतले नसते. 628 लिहून घ्यावे लागते. पुढच्या महिन्यात तिने वस्तीवरच्या आणखी पाच ठिकाणचे पाणी बाटल्यांतून आणले, प्रत्येकाची तीन-तीन रीडिंगे घेतली आणि ते कोष्टक जोडून अर्ज लिहिला. तिच्या घरात महाविद्यालयाचे दार पाहिलेली ती पहिलीच होती.

त्या दिवसाने मला मात्र एका चुकीसमोर उभे केले. तोवर कित्येक वर्षे मी आणि माझे सहकारी प्रॅक्टिकलचे गुण अपेक्षित रीडिंगच्या जवळिकीवर देत आलो होतो. अपेक्षित आकडा मुलांना दहा मिनिटांत कळे, आणि मग वर्गातल्या प्रत्येक वहीत तोच आकडा, दशांशाच्या फरकाने, उमटे. आम्ही ते पाहत होतो आणि सह्या करत होतो. 31.4 वर ठाम उभे राहण्यासाठी त्या मुलीला जे धैर्य लागले, ते आम्हीच इतरांच्या अंगातून काढून घेत होतो. त्यानंतर मी गुण देण्याची रीत बदलली: तीन रीडिंगांचा आपसांत मेळ बसतो का आणि तू ती का बरोबर मानतेस हे सांगता येते का, एवढेच विचारू लागले. निकाल सुरुवातीला घसरला आणि त्याबद्दल मला बरेच ऐकावेही लागले.

पदवी घेऊन नोकरी मिळत नाही, हा आक्षेप मला ठाऊक आहे आणि तो खोटा नाही. पुष्कळ विकसनशील देशांत पदवीधरांतील बेकारीचे प्रमाण निरक्षरांहून जास्त दिसते. त्याचे एक कारण असे की निरक्षर माणसाला बेकार राहणे परवडतच नाही, तो मिळेल ते काम करतो. शिकलेले परदेशी जातात, हेही खरे. जाणाऱ्यांना मी दोष देत नाही. ज्याला साधे रसायन मागवायला वर्षभर वाट पाहावी लागते, त्याने किती वर्षे वाट पाहायची? पण राहणारेही असतात. नोव्हेंबर 2021 मध्ये त्याच गॅबोरोन शहरातल्या एका प्रयोगशाळेत सिखुलिले मोयो आणि त्यांच्या सहकाऱ्यांना करोनाच्या काही नमुन्यांत कधी न पाहिलेले इतके बदल एकत्र दिसले, आणि दक्षिण आफ्रिकेतील शास्त्रज्ञांच्या निरीक्षणांबरोबर त्यांचे निरीक्षण जगापुढे आले. जगाने पुढे त्या विषाणूला ओमिक्रॉन म्हटले आणि आधी काय केले, तर त्या देशांची विमाने बंद केली. या वेळी नमुने ओळखण्यासाठी कोणाच्या दारात पाठवावे लागले नव्हते. यांबुकू आणि गॅबोरोन यांच्यातले अंतर 45 वर्षांचे आहे, आणि देणाऱ्यांना काय मिळाले या माझ्या प्रश्नाच्या उत्तराचा मोठा भाग मला त्या अंतरात दिसतो.

म्हणूनच पोकळ पदवीचा मला राग येतो, आणि तो वयाबरोबर कमी झालेला नाही. निवृत्तीच्या आधी एका महाविद्यालयाच्या संलग्नीकरणाच्या पाहणी समितीवर मी गेले होते. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत टेबले स्वच्छ पुसलेली होती. मुलांची जर्नले एका आकाराची, एका शाईची, वेष्टन घातलेली आणि पानोपान सह्या झालेली आमच्यासमोर ठेवली होती. जडपणाचा प्रयोगही होता. सगळ्या जर्नलांत एकच रीडिंग होते. मी कपाट उघडायला सांगितले. ब्युरेट होत्या, पुठ्ठ्याच्या खोक्यांत, पेंढ्यात गुंडाळलेल्या. खोक्यांवरची चिकटपट्टी तशीच होती. ही मुले शेवटच्या वर्षाला होती.

अहवालात मी जे लिहायचे ते लिहिले. पण त्याआधी, समितीतले बाकीचे सदस्य कार्यालयात कागद पाहत असताना, मी एका मुलाला खोके फोडायला सांगितले. त्याने ब्युरेट दोन्ही हातांनी, लहान मूल उचलावे तशी बाहेर काढली. स्टँडला लावली. तोटी कोणत्या बाजूला फिरवायची हे त्याला माहीत नव्हते. बघता बघता आणखी सात-आठ जण टेबलाभोवती जमले. "मॅडम, शून्यावर कसं आणायचं?" त्याने विचारले. मी म्हटले, डोळा पातळीच्या रेषेत आण, वरून पाहू नकोस. बफरची बाटली शोधावी लागली, दर्शक मी सोबत नेलेल्या पुडीतला वापरला. आवारातल्या नळाचे पाणी घेतले आणि तो थेंब थेंब सोडू लागला. बाहेरून शिपाई दोनदा बोलावून गेला. पाण्याचा लालसर जांभळा रंग बराच वेळ तसाच राहिला, मग कडेने किंचित निळसर झाला, आणि मुलाने श्वास रोखून, तोटी जेमतेम हलवून, पुढचा थेंब सोडला. "थांब," मी म्हटले. तो वाकला, डोळा रेषेत आणला, आणि कोणालाही न विचारता वहीत आकडा लिहिला. जर्नलातल्या आकड्याशी तो जुळत नव्हता. मागून कोणीतरी म्हणाले, "परत करून बघ ना." त्याने ब्युरेट पुन्हा भरायला घेतली.